पाठ घेणे आणि वर्ग चालवणे

ज्या बाईंच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालवली आहे, त्या उभा जन्म प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांच्या नावाने बोलायचे तर साहित्यातील एखाद्या प्रश्नाऐवजी प्राथमिक शिक्षकाच्या घडणीवर बोलावे, असे मी संयोजकांना सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले. हा विषय माझ्या अधिकाराचा नाही असे कोणी म्हटले, तर ते अगदीच खोटे ठरणार नाही. माझी सारी नोकरी महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेली; पहिलीच्या वर्गासमोर उभे राहण्याचे धाडस मी कधी केले नाही. तथापि निवृत्तीनंतरची काही वर्षे भाषा विषयाचे सराव पाठ पाहण्यासाठी मला बोलावले जात असे. त्या निमित्ताने गोव्याच्या पेडणे, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांतील लहान लहान शाळांत, मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसण्याचा योग वारंवार आला. जे पाहिले त्यातून एक प्रश्न मनात घर करून राहिला. दोन वर्षे प्रशिक्षण घेऊन, पुष्कळ पाठ देऊन, परीक्षकाकडून ‘उत्तम’ असा शेरा मिळवून बाहेर पडलेली मुलगी जून महिन्यात खेड्यातल्या शाळेत एकटी उभी राहते, तेव्हा पहिल्याच पंधरवड्यात ती गांगरून का जाते?

नव्या पिढीत निष्ठा उरली नाही, हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर आहे. ते देणाऱ्याला समाधान मिळते, एवढाच त्याचा उपयोग. मी पाहिलेल्या बहुतेक मुलींत निष्ठा भरपूर होती. रात्र रात्र जागून त्या तक्ते रंगवीत असत. मला दिसलेले कारण निराळे आहे. आपण त्यांना पाठ घ्यायला शिकवतो. वर्ग चालवायला शिकवत नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण धरून चालतो, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो.

पाठ म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटांचा एक आखीव तुकडा. त्याचा घटक ठरलेला असतो, साधने तयार असतात, आणि मुले दुसऱ्याने घडवलेली असतात; वर्गशिक्षिकेच्या मायेने म्हणा किंवा धाकाने म्हणा, ती शांत बसलेली असतात. पाठ संपला की छात्राध्यापिका फळा पुसते, तक्ते गुंडाळते आणि निघून जाते. कोणाला काय आले नाही याचा हिशेब वर्गशिक्षिकेकडे राहतो. वर्ग चालवणे म्हणजे तो हिशेब आपल्याकडे घेणे. सोमवारी शिकवलेले गुरुवारी किती जणांपाशी उरले, आठवडाभर घरी राहिलेला मुलगा परत आल्यावर त्याला कोठून धरायचे, कौलांवर पाऊस कोसळत असताना आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसताना मुलांच्या हाताला कोणते काम द्यायचे, हे सर्व त्यात येते. पेन्सिल हरवलेल्या मुलीचे रडणे आणि तिसरीची अर्धी राहिलेली हातच्याची वजाबाकी, या दोहोंना एकाच वेळी एकाच माणसाने पुरे पडणे म्हणजे वर्ग चालवणे. तेथे मागच्या बाकावर निरीक्षक नसतो.

आपल्या पाठ-टिपणाचा जो साचा आहे त्याचे मूळ पाहिले, तर हा घोटाळा कसा झाला ते ध्यानात येते. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन ही पंचपदी डी.एड. झालेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. योहान फ्रीडरिश हर्बार्ट (१७७६-१८४१) या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या विचारातून ती निघाली. नवे ज्ञान मनात आधीपासून असलेल्या ज्ञानाला जोडले गेले तरच ते टिकते, हा त्याचा मूळ सिद्धान्त. त्यावरून त्याने शिकण्याच्या चार अवस्था सांगितल्या. त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी त्यांच्या पाच पायऱ्या केल्या, त्या पुढे इंग्लंड-अमेरिकेत पसरल्या आणि तेथून आपल्याकडच्या प्रशिक्षण विद्यालयांत येऊन स्थिरावल्या. हर्बार्टचा सिद्धान्त आजही खरा आहे. पण सिद्धान्ताचा रकाना झाला की त्याचे काय होते, ते कोणताही सराव पाठ पाहून कळते. प्रस्तावना म्हणजे मुलांच्या पूर्वज्ञानाचा ठाव घेणे. प्रत्यक्षात तिचे कोडे होते. ‘पावसाळ्यात रानात कोण नाचतो?’, ‘आपला राष्ट्रीय पक्षी कोणता?’ असे प्रश्न विचारीत विचारीत बाई ‘तर मुलांनो, आज आपण मोर हा पाठ शिकणार आहोत’ या वाक्यापाशी येतात. मुलांना ते आधीच ठाऊक असते, कारण भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या तक्त्यातून मोराचे खरे पीस बाहेर डोकावत असते.

साचा वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. नवख्याला साचा हवाच. कीर्तनकारसुद्धा पूर्वरंग आणि उत्तररंग यांची चौकट आधी घोकतो. परंतु त्याचे गुरू त्याला आणखी एक गोष्ट शिकवतात: श्रोते पेंगू लागले तर आख्यान कोठे आवरायचे, कोठे दृष्टान्त घालायचा, झांजांना केव्हा खूण करायची. हे शिक्षण श्रोत्यांसमोरच होते; वहीत होत नाही. आपल्या प्रशिक्षणात वही वाढत गेली आणि श्रोता मागे पडला.

एका शाळेत पाहिलेला पाठ सांगतो. पहिलीचा वर्ग होता. वाचनाच्या उताऱ्यात ‘आई भात वाढते’ असे वाक्य होते. छात्राध्यापिकेने ते फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले, चित्र दाखवले, मुलांकडून तीनदा म्हणवून घेतले. एक मुलगा मात्र चित्राकडे आणि वाक्याकडे आळीपाळीने पाहत गप्प राहिला. गोव्यातल्या माणसाला त्याची अडचण सांगावी लागत नाही. त्या मुलाच्या घरी कोकणी बोलतात. कोकणीत भात म्हणजे साळ, कोंड्यासकट कणगीत साठवलेली. शिजवून ताटात वाढतात ते शीत. मराठीत नेमके उलट होते: शिजलेला तो भात, आणि शीत म्हणजे त्याचा एक दाणा, ज्यावरून आपण भाताची परीक्षा करतो. आई कणगीतली साळ ताटात का वाढते, हा त्या मुलापुढचा प्रश्न होता, आणि तो अगदी शहाणा प्रश्न होता.

पाठ झाल्यावर मी त्या मुलीला विचारले, ‘तुमच्या घरी काय म्हणतात?’ ती चटकन म्हणाली, ‘शीतच म्हणतो, सर.’ म्हणजे मुलाची भाषा तीच तिचीही भाषा होती. तिला काही नवीन शिकायचे नव्हते. फक्त आपल्याला जे येते ते वापरायचे होते. पण पाठाचा आवाज लागला की घरचा आवाज बंद होतो, कारण टिपणात त्याला रकाना नसतो. थोड्या वेळाने एक मूल ‘टीचर, म्हाका उदक जाय’ म्हणत आले, तेव्हा तिने त्याला कोकणीतच उत्तर दिले. पाणी पिण्यापुरती ती त्या मुलांची शिक्षिका झाली होती; पाठ घेताना ती परीक्षार्थी होती.

येथे एक जुना दाखला आठवतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षकांविषयी फार नेमकी मागणी केली होती. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसा पगार असावा, हे तर त्यांनी म्हटलेच. पण ते शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, लोकांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत, आणि प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्यांनी लाजू नये, असाही त्यांचा आग्रह होता. मुलाच्या घरात कोणते शब्द आहेत, कोणती कामे आहेत, हे ज्याला ठाऊक आहे तोच त्याच्या पूर्वज्ञानाला हात घालू शकतो. हर्बार्टचे तत्त्व फुल्यांनी पंचपदीशिवाय सांगितले, असे म्हणायला हरकत नाही.

पाठाचे याहून लहान तुकडे करण्याचाही एक प्रयोग झाला. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांचे सहकारी यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत काढली. आपल्याकडे १९७० नंतरच्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तिच्यावर पुष्कळ काम झाले. प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन अशी एकेक कौशल्ये सुटी करून घोटवायची. सहा मिनिटे शिकवणे, सहा मिनिटे चर्चा, बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे शिकवणे आणि सहा मिनिटे चर्चा, असे छत्तीस मिनिटांचे ते चक्र. पोहणाऱ्याने काठावर हात-पाय मारून पाहावेत, तसा त्याचा उपयोग आहे. त्याहून अधिक काही मला त्यात दिसले नाही, विशेषतः ‘मुले’ म्हणून समोर वर्गमैत्रिणीच बसलेल्या असतात तेव्हा.

मग जुन्या काळी शिक्षक तयार कसा होत असे? आपल्या गावठी शाळेत प्रशिक्षण असे वेगळे नव्हतेच. पंतोजी, किंवा गोव्यात ज्याला शेणवीमाम म्हणत तो, एकटाच असे आणि मुले निरनिराळ्या इयत्तांची. धूळपाटीवर अक्षरे गिरवणारी, मोडी खरडे घोटणारी, पावकी-निमकी म्हणणारी अशी सारी एकाच ओटीवर बसत. थोरली मुले धाकट्यांना शिकवीत. अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १७८९ नंतर मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाची शाळा चालवताना जवळच्या देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली. ती रीत त्याने उचलली, आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत तेथे रुजवून १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तक छापले. तीच पुढे ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली, आणि मॉनिटर हा शब्द घेऊन आपल्या शाळांत परत आली. धाकट्यांना शिकवता शिकवता एखादा थोरला मुलगा स्वतःच पंतोजी होई. त्याला वर्ग चालवणे आपोआप येई, कारण तो त्यातच वाढलेला असे. पण पंतोजीची छडी, त्याची घोकंपट्टी, त्याचा एकच एक मार्ग, हेही सारे आपोआप येई. आपण असे का करतो, हे विचारण्याची सोय त्या घडणीत नव्हती.

म्हणजे नुसती उमेदवारी पुरत नाही आणि नुसते टिपणही पुरत नाही. जॉन ड्यूई यांनी १९०४ साली, शिक्षणातील सिद्धान्त आणि व्यवहार यांच्या संबंधावर लिहिलेल्या निबंधात या प्रश्नाचा गाभा हाताळला आहे. नवशिक्या शिक्षकाला वर्ग ताब्यात ठेवण्याच्या कौशल्याची घाई झाली, तर तो मुलांचे बाहेरचे लक्ष सांभाळायला शिकतो: ती ताठ बसली आहेत ना, डोळे फळ्याकडे आहेत ना. मुलाचे आतले लक्ष, म्हणजे त्याचे मन खरोखर कशाशी झुंजत आहे, ते पाहण्याची सवय त्याला लागत नाही. आणि ती आरंभी लागली नाही तर नंतर लागणे कठीण. भातापाशी अडलेल्या मुलाचे बाहेरचे लक्ष निर्दोष होते. तो फळ्याकडेच पाहत होता.

यावर भारतीय भाषांत लिहिलेले सर्वांत उपयुक्त पुस्तक मला गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) यांचे ‘दिवास्वप्न’ वाटते. मूळ गुजराती. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आलेल्या गिजुभाईंनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले, आणि पुढे आपल्या ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या. या पुस्तकातला शिक्षक कल्पित आहे. तो शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मोठी तयारी करून जातो. मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावावा असे त्याने ठरवलेले असते. होते काय, तर मुले आरडाओरडा करतात, सगळे टिपण कोसळते आणि मुलांना लवकर घरी सोडावे लागते. पुस्तकाचे मोल यापुढे आहे. तो मुलांना दोष देत नाही आणि बदली मागत नाही. आपली योजना कोठे चुकली याचा घरी बसून विचार करतो, आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लागतो. गोष्टीपाशी मुले थांबतात, तेथून त्याचा वर्ग सुरू होतो. स्वतंत्रपणे वर्ग चालवण्याची पात्रता म्हणून जर एकच कसोटी लावायची असेल, तर मी ही लावीन: कोसळलेल्या पाठानंतर त्या संध्याकाळी शिक्षक काय करतो?

आता आपल्या शाळांची स्थिती पाहू. १९६१ च्या मुक्तीनंतर, विशेषतः भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात, गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आज त्यांतील अनेक शाळांत मुले मोजकीच आहेत आणि काही बंद झाल्या आहेत. त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत मी शिरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले. गोव्यातल्या प्राथमिक शाळेत पहिली ते चौथी असे चार वर्ग असतात. म्हणजे कायदा पुरता पाळला गेला तरी लहान शाळेतल्या शिक्षकाकडे एका वेळी दोन इयत्ता येणार, आणि सहकारी रजेवर किंवा सरकारी कामावर गेला की चारही. सराव पाठ मात्र एका इयत्तेचा, एका विषयाचा, एका तासाचा! जी परिस्थिती नियम म्हणून वाट्याला येणार, तिचा सराव अपवाद म्हणूनही होत नाही.

बहुवर्ग अध्यापन म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला गप्प बसवणे नव्हे. आंध्रात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी त्याची एक सुबक व्यवस्था बसवली, आणि तिचा प्रभाव पुढे कर्नाटकाच्या ‘नली-कली’ योजनेवरही पडला. धड्यांची लहान लहान कार्डे असतात. ती कोणत्या क्रमाने करायची त्याची शिडी भिंतीवर असते. आपण कोणत्या पायरीवर आहोत ते मुलाला स्वतः कळते. काही मुले शिक्षकापाशी बसतात, काही एकमेकांच्या मदतीने काम करतात, काही एकटी. शिक्षकाचे सारे कौशल्य, कोणाला आत्ता माझी गरज आहे आणि कोणाला नाही, हे ओळखण्यात. शेणवीमामाच्या ओटीवरची जुनी रीतच येथे छडीवाचून आणि विचारपूर्वक मांडलेली आहे. ती कार्डे आपण जशीच्या तशी आणावीत असे नाही. पण तीन इयत्तांना काम लावून चौथीपाशी वीस मिनिटे निश्चिंत बसता येणे, ही गोष्ट शिकवावी लागते, ती पदवीबरोबर येत नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमांत शाळेतील प्रत्यक्ष वास्तव्याला, ज्याला आता आंतरवासिता म्हणतात, वीस आठवड्यांपर्यंत स्थान दिले, ही फार चांगली गोष्ट झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही प्राथमिक शिक्षकाची अर्हता ठरू शकत नाही, असा निर्णय दिला. २०१८ च्या अधिसूचनेने उघडलेले ते दार त्यामुळे बंद झाले. लहान मुलांना शिकवणे ही मोठ्यांना शिकवण्याची सोपी आवृत्ती नाही, तिची विद्या वेगळी आहे, हे प्राथमिक शिक्षिका वर्षानुवर्षे सांगत होत्या. माझ्यासारख्या प्राध्यापकांना ते पटायला वेळ लागतो. प्रश्न आता वीस आठवडे मिळण्याचा नसून ते कसे घालवायचे, हा आहे. ते जर सुट्या पाठांनी भरले, तर केवळ तक्त्यांची संख्या वाढेल.

माझ्या मते या काळात वर्ग हळूहळू हाती यायला हवा. आरंभी छात्राध्यापिकेने शिक्षिकेचे निरीक्षण न करता दोन मुलांचे करावे, एक पुढे असलेले आणि एक मागे पडलेले. दिवसभर, मधल्या सुट्टीसह. मग चार-पाच मुलांचा एक गट तिच्याकडे रोज द्यावा, आणि तो बदलू नये. तीच मुले पंधरा दिवस असली की सोमवारचे गुरुवारी उरले की नाही, हे तिला टाळता येत नाही. त्यानंतर पूर्ण वर्गाचा एक विषय, सलग. सलग या शब्दावर माझा भर आहे, कारण सुटा पाठ चुकला तर तो तेथेच संपतो. सलग पाठांत कालची चूक आज समोर बसलेली असते. पुढे अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस, आणि दोन इयत्ता एकत्र. शेवटचे दोन आठवडे वर्गशिक्षिकेने शाळेत असावे, परंतु वर्गात असू नये.

आणि टिपण पाठाच्या आधी जेवढे लिहिले जाते, त्याच्या निम्मे तरी नंतर लिहिले जावे. लांब नको, तीन ओळी पुरेत. एका मुलीच्या वहीत मी अशी नोंद पाहिली होती: ‘आज र जोडण्याचे सगळे प्रकार एकदम सांगितले. पर्वत पाच जणांनी वाचला, प्रकाश दोघांनी, वाऱ्यावर कोणीच नाही. उद्या फक्त रफार.’ मराठीचा प्राध्यापक म्हणून मला ही नोंद फार मोलाची वाटली. रफार डोक्यावर जातो, रकार पायाशी येतो आणि ‘ऱ्य’मधला र तिसरेच रूप घेतो. लिपीतली ही गुंतागुंत आपल्याला सवयीने दिसेनाशी झालेली असते; त्या मुलीला ती मुलांच्या चुकांतून दिसली. कोणी सांगितले नसताना ‘उद्या फक्त रफार’ असा निर्णय तिने घेतला. त्या दिवशीच्या तिच्या पाठाला निरीक्षकाने कदाचित कमी गुण दिले असतील, कारण उपयोजनाची पायरी राहून गेली होती.

निरीक्षकाचा प्रश्नही त्याप्रमाणे बदलावा लागेल. ‘हेतुकथन विसरलात’ यापेक्षा ‘कोणाला आले आणि ते तुम्हाला कशावरून कळले?’ हा प्रश्न अवघड आहे. पहिल्याचे उत्तर लाजून मान खाली घालणे एवढेच असते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मुलांची नावे ठाऊक असावी लागतात. कित्येक पाठांत मुलांना ‘तू सांग’, ‘मागची निळी रिबीन, तू सांग’ असे उठवले जाताना मी ऐकले आहे.

या साऱ्याला एक रास्त हरकत आहे, आणि ती वर्गशिक्षिकाच घेतात. ‘आमच्या मुलांवर कोणी हात साफ करून घेऊ नये’, असे एका बाईंनी मला स्पष्ट सांगितले. अभ्यासक्रम मागे पडतो, मुलांची शिस्त मोडते, आणि ती पुन्हा बसवायला महिना जातो. सुटे पाठ घेणाऱ्या दहा छात्राध्यापिका आठवड्यात येऊन जातात, तेव्हा हे शब्दशः खरे असते. एकच मुलगी सलग राहिली तर गणित बदलते. काही आठवडे वर्गाला दोन माणसे मिळतात, आणि मागे पडलेल्या चार मुलांपाशी बसायला एकीला वेळ होतो. परंतु यासाठी वर्गशिक्षिकेला आपले काम दुसऱ्यासमोर उलगडून सांगावे लागते. जी गोष्ट पंचवीस वर्षे हाताने केली ती शब्दांत सांगणे सोपे नसते. उत्तम पोळी लाटणाऱ्या बाईला पीठ किती मऊ असावे असे विचारून पाहा. ‘हाताला कळते’, हेच उत्तर मिळेल. म्हणून जिच्या हाताखाली छात्राध्यापिका राहणार, त्या शिक्षिकेचीही तयारी करून घ्यावी लागेल, आणि तिच्या या कामाला नोंद व वेळ द्यावा लागेल. सध्या ते उपकाराखाते चालते.

तेव्हा जाता जाता या शाळेकडेच एक मागणे मांडतो. आपल्या शाळेला प्राथमिक विभाग आहे, अनुभवी शिक्षिका आहेत. दरवर्षी एका छात्राध्यापिकेला, फार तर दोघींना, दुसऱ्या सत्रात सलग आठ आठवडे दुसरीचा वर्ग द्यावा. पहिलीचा देऊ नये. तेथे घरच्या कोकणीतून पुस्तकी मराठीकडे येण्याचे नाजूक काम चालू असते, आणि ते जाणत्या हातीच असावे. दुसरीची मुले वाचू लागलेली असतात, पण जोडाक्षरांत अडखळतात. अडखळणारी मुलेच नव्या शिक्षिकेला सर्वांत जास्त शिकवतात. वर्गशिक्षिकेला आठवड्यातून तीन तास तिच्यासोबत वही उघडून बसण्यासाठी वेळापत्रकात मोकळे ठेवावेत; मधल्या सुट्टीतून किंवा घरी जाण्याच्या वेळेतून ते काढू नयेत. आठ आठवड्यांतला एक दिवस तिसरी आणि दुसरी एकत्र बसवावी. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे वेळापत्रक अजून लागायचे आहे, असे मुख्याध्यापिकांनी मला मघाशीच सांगितले.